मावशीच्या आवाजात दोनशे प्रश्न

पहिल्यांदा एमबीएची प्रवेश परीक्षा दिली तेव्हा शेवटचे पन्नास-साठ प्रश्न माझ्या कानावरसुद्धा पडले नाहीत. कानावर म्हणते, कारण मी प्रश्नपत्रिका वाचत नाही, ऐकते. कॉलेजात जाईपर्यंत माझी नजर इतकी उतरली होती की समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी मला धुरकट गोळा दिसायला लागला. कडेकडेचं थोडं दिसतं. तेवढ्यावर मी रस्ता ओलांडते, चहा करते, शेअर रिक्षा पकडते. छापलेलं अक्षर मात्र गेलं ते गेलंच.

आमच्यासारख्यांना परीक्षेला रायटर घेता येतो. सरकारी कागदावर त्याला लेखनिक म्हणतात. तो प्रश्न वाचतो, आपण उत्तर सांगायचं, तो संगणकावर पर्याय निवडतो. त्या वर्षी मला रायटर केंद्रानेच दिली होती. कॉलेजातली मुलगी होती, स्वभावाने गोड, पण तिला त्याच दिवशी सकाळी बोलावलेलं. तिने असला पेपर कधी पाहिलेला नव्हता. ती एका दमात वाचायची. वाक्य कुठे संपलं आणि पर्याय कुठे सुरू झाले ते मला कळायचं नाही. मी म्हणायचे, "परत वाच ना." ती परत तसंच वाचायची. तक्ता आला की त्यातले सगळे आकडे ओळीने वाचून काढायची आणि शेवटी प्रश्न. तोवर माझ्या डोक्यातून पहिले आकडे सांडून गेलेले असायचे.

दोनशे प्रश्न आणि अडीच तास. आम्हाला थोडा जास्त वेळ देतात, पण तो असा 'परत, परत'मध्ये कसा विरघळतो ते मी त्या दिवशी पाहिलं. एकदम ती मुलगी म्हणाली, "मॅडम, टाइम संपला."

"किती राहिले?"

तिने माऊस दोन-तीनदा टकटकवला. मग हळूच म्हणाली, "बरेच."

बाहेर आई थांबली होती. "कशी गेली?"

"पूर्ण झालीच नाही."

"येत नव्हतं?"

"येत होतं गं. जे येत होतं त्याच्यापर्यंत पोचलेच नाही."

घरी येईपर्यंत मी रडून घेतलं, आणि रात्री जेवताना आईला सांगितलं की पुढच्या वर्षी परत देणार. आई म्हणाली, "दे. पण असंच जाऊन दिलंस तर असंच होईल." आईचं बोलणं नेहमी असंच कोरडं असतं आणि बहुतेक वेळा बरोबर असतं.

मला ही परीक्षा का द्यायची होती तेही सांगते. मी राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. गाड्यांचे ड्रायव्हर मला फोन करतात. कोण कशेळीच्या पुलाजवळ अडकलंय, कोणाचा माल कुठल्या गेटला उतरणार, कोणाचा कागद अपुरा आहे, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. फोन बोलतो, संगणकही बोलतो, त्यामुळे डोळ्यांवाचून काम अडत नाही. पण दोन वेळा असं झालं की मी ज्याला काम शिकवलं तोच माझ्या वर साहेब होऊन बसला. मोठ्या साहेबांना विचारलं तर ते प्रेमानेच म्हणाले, "तुला काम येतं गं, त्याच्याबद्दल प्रश्नच नाही. पण वरच्या पोस्टला डिग्री बघतात."

मी म्हटलं, "ठीक आहे सर, डिग्री आणते."

ते हसले. मी हसले नव्हते.

आता रायटर आपला आपण न्यायचा हे ठरलं. नियम असा की तो माझ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. म्हणजे पदवी झालेली माझी चुलत बहीण बाद. बारावीच्या मुलांच्या त्याच सुमारास स्वतःच्या परीक्षा. ओळखीतली एक मुलगी हो म्हणाली, दोन रविवार आली, तिसऱ्या रविवारी तिने फोनच उचलला नाही. मी हे सगळं आईला वैतागून सांगत होते तेव्हा शेजारच्या मावशी आमच्या दारात गहू निवडत बसल्या होत्या.

आम्ही धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत राहतो. खाली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वर खोल्या. मावशी आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. माहेर शहापूरकडचं, शेतकऱ्याचं घर. मुलं मोठी होऊन कामाला लागलेली, त्यांचे यजमान, आमचे काका, कापड रंगवायच्या डाईंगमध्ये. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "किती शिकलेली लागते गं?"

"माझ्यापेक्षा कमी, मावशी."

"मग मी हाय की. बारावी पास हाय मी."

आई म्हणाली, "अहो, पेपर इंग्रजीत असतो."

"मग? बारावीला इंग्रजी न्हाय व्हती का? काठावर का होईना, सुटली मी."

खरं सांगायचं तर नाही कसं म्हणावं याचाच मी विचार करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चष्मा लावून आल्या. मी सरावाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. 'फॉलोइंग' हा शब्द त्यांनी तीन तुकड्यांत वाचला आणि 'विच'ला 'व्हिच' म्हणाल्या. एका उताऱ्याला एवढा वेळ लागला की माझी ड्युटीला निघायची वेळ झाली. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला त्रास कशाला." त्या म्हणाल्या, "त्रास मना व्हतोय का तुला?"

त्या पुढच्या दिवशीही आल्या, त्याच्या पुढच्या दिवशीही आल्या. कुठून तरी इंग्रजी वर्तमानपत्र आणून संध्याकाळी काकांसमोर मोठ्याने वाचतात हे मला आईकडून कळलं. काकांना इंग्रजीचा गंध नाही. ते बिचारे भाजी चिरत ऐकत बसायचे.

आठवड्याभराने माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मावशींनी एक कोडं वाचलं होतं, सहा माणसं एका टेबलाभोवती बसलेली, कोण कोणाच्या शेजारी. मी उत्तर सांगितलं आणि मग कळलं की एकदाही 'परत' म्हणाले नाही. मावशी सावकाश वाचायच्या, पण एकेक शब्द सुटा, स्वच्छ. तो डोक्यात जाऊन बसायचा. त्या कॉलेजच्या मुलीने वेगाने वाचून जो वेळ वाचवला होता त्याच्या दुप्पट मी परत ऐकण्यात घालवला होता. मला वेगवान माणूस नको होता. मला एकदाच ऐकून पुरेल असा आवाज पाहिजे होता.

त्या दिवसापासून मी नाही कसं म्हणावं याचा विचार सोडला आणि आम्ही नेटाने कामाला लागलो.

आमच्याकडे खाली लूम चालू असतात, त्यामुळे सगळ्या गल्लीचाच आवाज चढलेला. शुक्रवारी लूमला सुट्टी, तेव्हा तेवढी शांतता. परीक्षेच्या खोलीत आणखी उमेदवार असणार, तिथे असं ओरडून वाचलं तर बाहेर काढतील. मी मावशींना सांगितलं, आवाज खाली घ्या. त्या म्हणाल्या, "हळू बोलायची सवयच न्हाय बाय. इथं हळू बोललं तर कोण ऐकतंय?" म्हणून आम्ही खिडक्या लावल्या आणि मावशी माझ्या कानाजवळ बसून वाचायला लागल्या. काही दिवस त्या कुजबुजायच्या आणि मध्येच एखादा शब्द असा जोरात यायचा की मी दचकायचे.

दुसरी अडचण त्यांच्या मनाची होती. त्या वाचता वाचता गुंतायच्या. एकदा पर्याय वाचताना 'सी'ला त्यांचा आवाज जरासा वर गेला. मी विचारलं, "तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"न्हाय गं. मना आपलं वाटलं."

"तुमच्या आवाजात आलं ते. परीक्षेत असं झालं तर कॉपी धरतील, मावशी. तुम्हाला वाटलेलं मला कळता कामा नये."

त्या दुखावल्या. त्या दिवशी न बोलता उठून गेल्या. मला वाटलं संपलं. पण सकाळी आल्या त्या बँकेत टोकन नंबर पुकारतात तशा सपाट आवाजात वाचायला लागल्या. ए, बी, सी, डी, सगळे एका पातळीवर. मला हसू येत होतं आणि मी ते दाबून उत्तरं सांगत होते.

सगळ्यात अवघड होतं सोडून देणं. दोनशे प्रश्न कोणालाच पुरे होत नाहीत, डोळस माणसालाही नाही. जो प्रश्न वेळ खातोय तो सोडायचा, पुढचा सोपा घ्यायचा. हे मला सगळ्यांनी सांगितलेलं होतं आणि मला ते पटलेलंही होतं. तरी एखादं कोडं अर्धं सुटलं की मी त्याला चिकटून बसायचे. मावशी माझ्याहून पुढे. मी 'सोडा' म्हटलं की म्हणायच्या, "अगं पण एवढं वाचलं आता!" ताटात अन्न टाकल्यासारखं त्यांना व्हायचं.

एकदा पान उलटताना मावशींची ओळ चुकली आणि त्यांनी प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचली. काय विचारलंय तेवढंच. मग 'थांब हं' म्हणून वरून सुरुवात केली. पण काय विचारलंय ते आधीच कळल्यामुळे मला त्या सगळ्या माहितीतलं नेमकं किती धरून ठेवायचं ते कळलं. मी म्हटलं, "मावशी, आता सगळे प्रश्न असेच वाचा. शेवटची ओळ आधी." त्यावरून आमची पद्धत बसली. शेवटची ओळ ऐकली की मी लगेच सांगायचं, घ्यायचा की सोडायचा. लांबलचक तक्ता असेल तर पुढचं वाचायचंच नाही.

आणि जे राहतील त्यांना शेवटी सरसकट 'बी' लावायचं.

"न कळता लावायचं? मटका हाय का हा?"

"चुकलं तर मार्क कापत नाहीत, मावशी. रिकामं ठेवलं तर मात्र काहीच मिळत नाही."

"मग देवाचं नाव घेऊन लावू?"

"घ्या. पण मनात."

घड्याळ मला दिसत नाही. ते स्क्रीनच्या कोपऱ्यात असतं, म्हणजे तेही मावशींच्या ताब्यात. सुरुवातीला त्या दर थोड्या वेळाने "अगं, वेळ चाललाय" म्हणायच्या आणि माझं डोकं उठायचं. शेवटी मी सांगितलं की फक्त तीनदा बोला. पाव झाला, अर्धा झाला, पाऊण झाला. बाकी काही नको. ते तीन शब्द माझं घड्याळ. पाव म्हटलं की मला कळायचं आपण कुठे असायला हवं आणि कुठे आहोत.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना वेगळंच संकट आलं. रायटरची कागदपत्रं द्यायची होती. मावशींची बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. परीक्षावाल्यांनी फोनवर सांगितलं, नाव बदलल्याचा पुरावा लागेल, लग्नाचा दाखला चालेल. मावशींच्या लग्नाची नोंदच झालेली नव्हती. गावच्या अंगणात मांडव घालून झालेलं लग्न, कोण जातंय दाखला काढायला!

मी खचले. मावशी मात्र म्हणाल्या, "मग काढू की दाखला." ट्रंक उपसून पिवळी पडलेली लग्नपत्रिका काढली. हार घातलेला एक फोटो निघाला, त्यात काकांना भरपूर केस होते म्हणे. आई साक्षीदार झाली. काकांनी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "या पोरीच्या परीक्षेपायी माझं दुसऱ्यांदा लग्न लागतंय!" मावशी म्हणाल्या, "त्याच बाईशी लागतंय, गप चला." लग्न नोंदणीच्या ऑफिसात चार चकरा झाल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा फोटोचा आकार चुकला. मी कामावरून फोन करून रोज विचारायचे. एका दुपारी मावशींचाच फोन आला, "भेटला बाय दाखला. आता मी कायद्याने तुझ्या काकांची हाय."

परीक्षेचं केंद्र ठाण्याच्या बाजूला होतं. कशेळीला अडकू म्हणून आम्ही नको इतक्या लवकर निघालो आणि गेट उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिलो. गेटवरच्या माणसाने माझे कागद पाहिले आणि विचारलं, "रायटर कुठे आहे?"

"मी हाय," मावशी म्हणाल्या.

"मावशी, इंग्लिश पेपर आहे."

"ठाऊक हाय."

त्याने लग्नाचा दाखला नीट वाचला, शिक्का मारला आणि आम्हाला आत सोडलं.

खोलीत आमच्यासारखे आणखी दोघे त्यांच्या रायटरसोबत होते. एसी जोरात होता. पेपर सुरू झाला, मावशींनी माऊस हातात घेतला. पहिले काही प्रश्न त्या अडखळल्या. मग आवाज सापडला त्यांना. शेवटची ओळ, घ्यायचा, पर्याय, उत्तर. शेवटची ओळ, सोडा. "पाव झाला," त्या म्हणाल्या. आम्ही थोड्या मागे होतो, पण फार नाही.

मग मधमाश्यांवरचा एक उतारा आला. मधमाश्या नवं घर कसं शोधतात, परत येऊन बाकीच्यांना कसं सांगतात. उतारा छान होता. मावशी वाचत गेल्या, मी ऐकत गेले. त्याच्यावरचे प्रश्नही सोपे वाटले. एक जरा अडला म्हणून मी उताऱ्याचा मधला भाग पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर एक कोडं घेतलं, ते सुटलं, आणखी एक घेतलं. आणि मग एकदम मला काहीतरी खटकलं. पाणी पिऊन बराच वेळ झाला होता. मांड्या अवघडल्या होत्या. अर्धा झाल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं.

"मावशी, अर्धा झाला का?"

त्यांचा आवाज आला तो अगदी बारीक. "अगं बाय... झाला. कवाच झाला."

"आत्ता किती?"

"पाऊण व्हायला आला."

मी प्रश्नांचा आकडा विचारला. निम्म्याच्या जरा पुढे होतो. गेल्या वर्षीची ती दुपार सगळी अंगावर आली. मावशींनी घाईने पुढचा प्रश्न वाचायला घेतला आणि त्यांचेही शब्द एकमेकांवर आदळायला लागले. मला एक अक्षर कळेना.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "मावशी, थांबा. घरी वाचता तसंच वाचा."

"माझ्यामुळं झालं गं..."

"आत्ता नको. पुढचा वाचा. शेवटची ओळ."

त्यांनी श्वास घेतला. सुटे, स्वच्छ शब्द परत यायला लागले. मी ठरवलं की आता एकही कोडं घ्यायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी. शब्दांचे अर्थ, आकड्यांची मालिका, छोटी गणितं, बस. "सोडा. सोडा. सी. पुढचा. ए. सोडा." मध्ये नात्यांचं एक कोडं आलं, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असलं, जे मी झोपेत सोडवते. शेवटची ओळ ऐकूनच ते मला खुणावायला लागलं. मी म्हटलं, "सोडा." मावशींनी हूं की चूं न करता पुढचा वाचला. ताटात टाकल्याचं दुःख दोघींनाही परवडणारं नव्हतं.

अगदी शेवटाला मी म्हटलं, "आता जेवढे रिकामे आहेत त्यांना बी लावा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

माऊसचे टक टक आवाज येत राहिले. मावशी मनात देवाचं नाव घेत असतील तर मला कळलं नाही.

"एकही राहिला नाही ना?"

"न्हाय. सगळे हिरवे झाले." उत्तर दिलेला प्रश्न स्क्रीनवर हिरवा होतो.

त्यानंतर थोड्याच वेळात पेपर आपोआप बंद झाला. पण तोवर दोनशेच्या दोनशे प्रश्नांना काही ना काही उत्तर होतं, आणि त्यातली बरीच मी ऐकून, समजून दिलेली होती.

बाहेर आल्यावर मावशी भिंतीला टेकून रडल्या. "मी त्या माश्यांच्यात रमली गं. सांगायचंच विसरली."

"मीपण रमले होते, मावशी. मी तरी कुठे विचारलं?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला. रिक्षात बसल्यावर जरा वेळाने विचारलं, "ते स्वॉर्म म्हणजे काय?"

"थवा. मधमाश्यांचा."

"हां. मना वाटलंच. मग तो उतारा समदा कळला मना."

निकाल लागला तेव्हा मी कामावर होते. फोनने आकडा वाचून दाखवला. पेढे वाटण्यासारखा नव्हता. पण गेल्या वर्षीपेक्षा खूप वर होता, आणि दिव्यांगांच्या राखीव जागेतून ठाण्याच्या एका कॉलेजात मला प्रवेश मिळाला. मोठ्या साहेबांनी माझी ड्युटी संध्याकाळची करून दिली. सकाळी कॉलेज, मग राहनाळ. वरची पोस्ट अजून मिळालेली नाही. डिग्री हातात येईल तेव्हा मी पुन्हा त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे.

मावशींना मी म्हटलं होतं, तुम्हीपण पदवीला नाव घाला, घरी बसून करता येतं. त्या म्हणाल्या, "मना परीक्षा नको. मना वाचायला आवडतंय. उत्तरं तुम्ही द्या." आमच्या केंद्रावर भेटलेल्या एका मुलाने त्यांचा नंबर घेतला होता. त्याच्या बँकेच्या परीक्षेला त्या गेल्या. त्याने आणखी दोघांना सांगितलं. आता त्यांना फोन येतात. हातातली भाजी बाजूला टाकून त्या तारखा बघतात आणि काका ओरडतात की जेवण कधी होणार.

या सेमिस्टरच्या एका पेपरला मावशी मोकळ्या नाहीत. कल्याणच्या एका मुलीला त्यांनी आधी शब्द दिलेला होता. मला राग आला, मग गेला. मी नवी रायटर शोधली, खालच्या मजल्यावरची, नुकतीच कॉलेजला लागलेली. ती रोज सकाळी कॉलेजच्या आधी येते. तिला 'डेप्रिसिएशन' अजून नीट म्हणता येत नाही आणि तिचं लक्ष मोबाईलकडे फार असतं. पेपरला महिना आहे. बसतो आम्ही रोज.